बाळबोध आणि मोडी

देवनागरीला आपल्याकडे एक जुनं नाव आहे, बाळबोध. बाळालाही बोध होईल अशी ती बाळबोध. अक्षर सुटं, वळण ठरलेलं. पोथ्या आणि ग्रंथ बाळबोधीत लिहिले जात. रोजचा कारभार, हिशेब, पत्रव्यवहार, वतनाचे कागद मोडीत चालत. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग शक्यतो बोरू न उचलता अक्षराला अक्षर जोडत पुढे जाई. शब्दाशब्दांत जागा नाही, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. र तर शेजारचं अक्षर पाहून रूप बदलतो. मोडी न शिकलेल्या माणसापुढे असा कागद ठेवला की तो पहिल्यांदा म्हणतो, "काय घाणेरडं अक्षर आहे हो!"

हे वाक्य मी अठरा वर्षं ऐकत आले आहे, कारण मोडी कागदांचं लिप्यंतर करणं हाच माझा व्यवसाय. कुणी जमिनीच्या वादासाठी येतं, कुणी दाखल्यासाठी पणजोबांचं नाव शोधत येतं, कुणाला वाड्याच्या माळ्यावर कापडात बांधलेला जुन्या कागदांचा रुमाल सापडलेला असतो. प्रत्येकाला मी एकच उत्तर देते, "अक्षर वाईट नाही. लिपी वेगळी आहे." स्वतःबद्दल हेच वाक्य म्हणायला मला वयाची ४३ वर्षं लागली. त्या वर्षी मला कळलं की मी ऑटिस्टिक आहे, आपल्या भाषेत स्वमग्न. म्हणजे नेमकं काय कळलं, हे या दोन लिप्यांच्या आधाराने सावकाश सांगायचं आहे.

मी नऊ वर्षांची असेन. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती आणि मावशी आली. आल्यागेल्याला चहा विचारायचा, एवढं मला शिकवलेलं होतं. मी विचारलं, "मावशी, चहा घेणार?" ती म्हणाली, "नको गं, कशाला उगीच." मी "बरं" म्हटलं आणि पुस्तक उघडलं. मावशी अर्धा तास बसून निघून गेली. संध्याकाळी ते आईच्या कानावर आलं. "अगं, पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणतो. पुन्हा विचारायचं असतं. आणि तरी नको म्हणाला तर गुपचूप आधण ठेवायचं असतं. एवढं तर लहान पोरालाही कळतं!"

लहान पोरालाही कळतं, म्हणजे बाळबोधच. मी स्वतः लहान पोरच होते, आणि मला कळलं नव्हतं. मी शंभर पानी वहीत लिहून ठेवलं, 'नको म्हणजे हो. तीनदा विचारणे.' पुढच्या आठवड्यात शेजारचे काका आले. त्यांना पित्ताचा त्रास होता आणि त्यांना चहा खरंच नको होता. मी तीनदा विचारलं, चहा केला, त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो घेतला नाही आणि मी पुन्हा चुकले. नियम वहीत उतरवता येत होता. यातला कुठला 'नको' खरा, ते चेहऱ्यावर आणि आवाजाच्या ओढीत लिहिलेलं होतं. ती लिपी मला लागत नव्हती.

वही वाढत गेली. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. 'या एकदा घरी' हे नेहमीच आमंत्रण नसतं. 'कशी आहेस?' याला 'बरी आहे' एवढंच उत्तर पुरतं. आज मला भेटणाऱ्या कुणालाही या वहीचा पत्ता लागणार नाही, कारण ती मला पाठ आहे. इतरांच्या आणि माझ्या तोंडून शब्द तेच बाहेर पडतात. पण इतरांना ते अंगवळणी पडलेले असतात आणि मला दर खेपेला मनातल्या मनात वही उघडावी लागते. लग्नघरी, दुकानात, फोनवर, जिन्यात भेटलेल्या शेजारणीपुढे, दिवसातून शंभर वेळा.

लग्नांची एक आठवण सांगते, कारण तिच्यात बरंच काही साठलेलं आहे. मंगल कार्यालयात शिरलं की माईकवरची मंगलाष्टकं, ताटवाट्यांचा खणखणाट, गजरे, अत्तर, घाम, मानेला घासणारी जरीची किनार, हे सगळं एकदम आणि सारख्याच जोराने माझ्या अंगावर येई. इतरांना यातलं बरंचसं काही वेळाने मागे सरल्यासारखं होत असावं. माझ्या बाबतीत काहीच मागे सरत नसे. म्हणून मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून कोठीघराची जबाबदारी मागून घेत असे. तिथे अंधूक उजेड असायचा, तांदळाचा आणि नारळाच्या शेंडीचा वास असायचा. मी नारळ दहादहाच्या राशींत लावायची, खण मोजायची, दोन रंगांचे खण वेगळे करायची, पुन्हा मोजायची. बायका म्हणायच्या, "किती कामाची पोर! स्वतःहून कोठी सांभाळते." त्यात खोटं काहीच नव्हतं, कारण हिशेब कधी चुकला नाही. पण कोठी मला आडोसा होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

त्या नारळांच्या राशी मला पुन्हा दिसल्या त्या एका दवाखान्यात. माझा भाचा पाच वर्षांचा होता. भाऊ परगावी, म्हणून वहिनीबरोबर मी गेले होते. भाचा वहिनीच्या मांडीवर होता आणि प्रश्नावली माझ्या हातात. मी प्रश्न वाचायची, वहिनी सांगायची, मी खुणा करायची. मोठ्या आवाजाला कान झाकतो का? वस्तू ओळीत लावतो का? रोजचा क्रम मोडला की अस्वस्थ होतो का? बोललेल्याचा शब्दशः अर्थ घेतो का? सातव्या की आठव्या प्रश्नाला माझं पेन थांबलं. वहिनी भाच्याबद्दलच बोलत होती. मी कोठीघरात होते.

त्यानंतर वर्षभर मी वाचत राहिले, मग एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे गेले. तीन बैठका झाल्या. एका बैठकीला आईला बोलावलं, कारण ही स्थिती जन्मजात असते; प्रौढपणी ओळखायची तरी तिच्या खुणा बालपणात सापडाव्या लागतात. आई म्हणाली, "शिवणयंत्राखाली बसून चाक फिरवत राहायची. हाका मारून घसा सुकला तरी हिला पत्ता नसायचा. आणि पिंजारी गल्लीच्या टोकाला आला की कान झाकून पलंगाखाली शिरायची." मग जरा थांबून म्हणाली, "मला वाटायचं, हट्टी आहे."

तेव्हा कुणी ओळखलं का नाही, असा प्रश्न येतो. त्यात आईचा दोष नाही, गावच्या डॉक्टरांचाही नाही. ती लिपी वाचायला शिकवणारी शाळाच नव्हती. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली, त्यात आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. त्याच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच सहा मुलग्यांबद्दल लिहिलं होतं आणि पुढे मुलींबद्दलही. ते लेखन दशकानुदशकं फारसं कुणी वाचलं नाही. अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत सूचीत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली, तीही शैशवातला आजार म्हणून. १९८१ मध्ये लोर्ना विंग यांनी, ज्या स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या, बोलता येणारी, शिकलेली, तरीही तशीच असलेली माणसं मांडली. अशांचं निदान सूचीत आलं १९९४ साली. आणि संवेदनांचा त्रास हे लक्षण म्हणून, तसंच 'शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे पुढच्या वयात लक्षणं झाकली जाऊ शकतात' हा खुलासा, या दोन्ही गोष्टी २०१३ च्या आवृत्तीत आल्या. म्हणजे माझं कोठीघर आणि माझी वही अधिकृत वैद्यकाच्या कागदावर आली, तोवर मी तिशी ओलांडली होती.

मुलं मोठी होतात, ही साधी गोष्टही बराच काळ नजरेआड राहिली. कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपीतल्या आपल्या छोट्या गावी बँकेत नोकरी करून, गाडी चालवून, देशोदेशी फिरून, ८९ वर्षांचा होऊन २०२३ साली वारला. ज्याच्यापासून या स्थितीचा लेखी इतिहास सुरू झाला तो म्हातारा झाला, पण लोकांच्या मनात ऑटिझम म्हणजे अजूनही चार वर्षांचं मूलच आहे. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम आला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही आहे. तरी पन्नाशीच्या माणसाने 'मला तपासा' म्हटलं, तर कुणाकडे पाठवायचं हे अनेक ठिकाणी ठाऊक नसतं.

आता स्वमग्न या शब्दाकडे येते. मूळ शब्द ग्रीक 'ऑटोस', म्हणजे स्वतः. मराठी शब्द त्यावरूनच केलेला आणि तो आता रुळला आहे, मीही वापरते. पण त्यात एक आरोप लपलेला राहतो, की हा माणूस स्वतःतच बुडालेला आहे, त्याला दुसऱ्याचं काही नाही. मंगल कार्यालयातल्या त्या मुलीकडे पुन्हा पाहा. ती स्वतःत बुडालेली नव्हती. बाहेरचं सगळं एकदम आत शिरत होतं आणि दार लावायला कडी नव्हती. मावशीला चहा द्यायची इच्छाही तिला पुरेपूर होती. नको म्हणणाऱ्याला आग्रह करणं म्हणजे त्याच्या शब्दाचा अनादर, असं तिला मनापासून वाटत होतं. शब्द पाळणं ही तिची माया होती. ती माया मावशीला वाचता आली नाही.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोडी न येणारा माणूस कागद पाहतो आणि दोष कागदाला देतो. आपल्याला वाचता येत नाही, हे त्याच्या मनातही येत नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ साली हेच मांडलं. दोन वेगळ्या घडणीची माणसं समोरासमोर आली की न कळणं दोन्हीकडून असतं. पण संख्येने जास्त असलेल्यांचं न कळणं कुणी मोजत नाही, कमी असलेल्यांच्या न कळण्याला मात्र विकार म्हणतात. २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या, काही फक्त ऑटिस्टिक लोकांच्या, काही फक्त इतरांच्या, काही मिश्र. ऑटिस्टिक लोकांच्या साखळीतून गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच पोहोचली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. पुढे अधिक मोठ्या गटावर प्रयोग झाला तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही. पण एक गोष्ट दोन्ही वेळा टिकली. ऑटिस्टिक माणसांनी एकमेकांना सांगितलेलं कमी पोहोचलं, असं एकदाही झालं नाही. मोडी मोडीवाल्याला लागतेच.

मग आयुष्यभर मी करत काय होते? लिप्यंतर, आणि तेही दोन्ही दिशांनी. समोरच्याचं बाळबोध मनात मोडीत उतरवायचं, उत्तर मोडीत सुचायचं, ते बाळबोध करून बोलायचं, आणि हे सगळं समोरचा वाट पाहत असताना. धंद्यात मी दिवसाला जुने चार-पाच कागद उतरवले की डोळे मिटून पडते आणि लोक समजून घेतात. पण कार्यक्रमाहून आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलवत नाही, हे समजून घेणारं कुणी नव्हतं, कारण ते लिप्यंतर कुणाला दिसतच नव्हतं. जितकं ते चांगलं जमलं, तितका त्याचा शीण अदृश्य झाला. बरेच जण, विशेषतः बायका, इतकी वर्षं ओळखले जात नाहीत त्याचं एक कारण हे आहे. आपल्याकडे मुलीला गप्प बसणं, हसून साजरं करणं, दुसऱ्याच्या मनाप्रमाणे वागणं असंही शिकवतातच. मग तिची वही कुणाला वेगळी कशी दिसावी?

निदान झालं आणि मी बदलले का? मुळीच नाही. मोडीचा कागद वाचता आला म्हणून त्यावरची शाई बदलत नाही. पण ज्या रुमालावर मी स्वतःच 'वाचनीय नाही' अशी चिठ्ठी लावली होती, तो मला सोडता आला. हट्टी, शिष्ट, तुसडी, माणूसघाणी, अशी विशेषणं मी त्याला चिकटवून ठेवली होती. एकेक कागद पुन्हा काढला. ही शिष्ट कुठे होती? तिला गर्दीत दोन आवाज वेगळे करता येत नव्हते. ही माणूसघाणी कुठे? ती तर माणसांच्या चालीरीती शंभर पानी वहीत उतरवत होती. माणसांची इतकी ओढ कुणाला असते? हे वाचताना मी बरेच दिवस रडले. ते रडणं ऑटिझमसाठी नव्हतं. नऊ वर्षांच्या एका मुलीला इतकी वर्षं मीच रागावत आले होते, त्यासाठी होतं.

इथे माझ्या उपमेची मर्यादा सांगायला हवी. लिपी वेगळी म्हणजे अडचण नाही, असं मी म्हटलं तर ते असत्य होईल. माझा भाचा आता दहा वर्षांचा आहे, मोजकेच शब्द बोलतो आणि रस्ता ओलांडताना त्याचा हात घट्ट धरावा लागतो. त्याला आणि मला एकच शब्द लागू होतो. वहिनीचा दिवस मी रोज पाहते. तिला आधार लागतो, थेरपी लागते, पैसे लागतात, 'आमच्यानंतर याचं कोण' या प्रश्नाला उत्तर लागतं. माझ्यासारख्यांनी मोठ्याने बोलावं आणि त्यात तिचा आवाज बुडावा, हे मला नको आहे. उलट मी त्याला थोडी वाचू शकते. दिव्याच्या गुंजनाने तो अस्वस्थ होतो हे मी आधी ओळखलं, कारण ते गुंजन मलाही ऐकू येतं.

आणि दुसरी मर्यादा. बुजरेपणा, एकटेपणाची आवड, नेटकेपणाचा हट्ट म्हणजे ऑटिझम नव्हे. चिंतेचा आजार, अवधानाची अडचण, लहानपणचे आघात यांतूनही अशाच खुणा दिसू शकतात, आणि त्यांचे उपाय वेगळे असतात. प्रत्येक गिचमिड कागद मोडी नसतो. काही कागद खरंच घाईत लिहिलेले असतात, काहींवर पाणी सांडलेलं असतं. म्हणून जाणकाराकडे जावं. पण 'हल्ली सगळ्यांनाच आपण ऑटिस्टिक वाटतो' असं म्हणून कुणाला दारातूनच परत पाठवू नये. चाळीस वर्षांनी कुणी आपला रुमाल घेऊन आलं असेल, तर निदान तो सोडून पाहावा.

'निदान' हा शब्द मला त्यासाठीच आवडतो. वैद्याच्या तोंडी त्याचा अर्थ रोगाची ओळख. आपल्या रोजच्या बोलण्यात तोच शब्द 'कमीत कमी' म्हणून येतो, निदान पाणी तरी घ्या, निदान बसा तरी. माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र आले. निदानाने माझं काही बरं केलं नाही, कारण बरं करण्यासारखा तो आजारच नव्हता. पण निदान मला माझी लिपी कळली. आता कार्यक्रमाला जाताना मी परतायची वेळ आधी सांगते. कार्यालयात कोठी कुठे आहे ते मोकळेपणी विचारते. आणि न कळलेलं बोलणं 'नीट सांगा' म्हणून पुन्हा विचारते.

गेल्या मार्गशीर्षात मावशी आली होती. ती आता ७६ वर्षांची आहे. आईने तिला सगळं सांगितलेलं होतं. तिला किती पटलं होतं ते मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "मावशी, चहा घेणार?" तिच्या तोंडून सवयीने "नको गं" निघालं. ती थांबली. माझ्याकडे पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "हो. घेणार आहे. अर्धा कप, साखर कमी."

मी आधण ठेवलं. मोजून अर्धा कप.